लिफ्टातली पेटी

नखाएवढा त्रिकोणी तुकडा — एक बाजू सरळ नाही, कात्री मध्येच अडखळली असावी, तिथे एक बारीकशी पायरी झालेली — आणि पायरीच्या वर जांभळ्या शिक्क्यातली दोन रोमन अक्षरं, जे आणि एम. सुरय्याने तो तर्जनीच्या टोकावर उचलून खिडकीकडे धरला. भाट्याच्या खाडीवरचा उजेड कागदातून आरपार आला तेव्हा अक्षरं उलटी दिसली, आणि तिला उगाचच वाटलं की उलटी आहेत तोवर ती कुणाचीच नाहीत. पायरी आहे म्हणजे हा सोपा. जिचा कोपरा असाच अडखळत कापलेला असेल त्या चिठ्ठीचा हा. टेबलावर चाळीस चिठ्ठ्या पसरल्या होत्या. कोपरे एक्केचाळीस होते. त्या एका जास्तीच्या कोपऱ्याचा विचार नंतर करायचा, असं तिने सकाळी उठल्या उठल्याच ठरवून टाकलं होतं.

साडेनऊ वाजले होते. पाहुणी चारला येणार होती.

स्वयंपाकघरात मैद्याची खळ निवत ठेवलेली. डिंक पिवळा पडतो, खळ पडत नाही… हे ज्ञान आजीचं, पतंग चिकटवतानाचं, आणि ते आज या कामाला यावं! सदुसष्टाव्या वर्षी, निवृत्त प्राध्यापक, विषय मराठी, राज्यभर नाव, आणि बाई सकाळपासून पायजम्यावर बसून कागदाचे कोपरे जुळवतायत. शाबास. कापायला जेमतेम अर्धा तास लागला होता. कात्री नवी होती, हे सुद्धा आठवतं. कापलेले तुकडे मात्र फेकवले नाहीत — का नाही फेकले गं? पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि सव्वीस वर्षं आपण त्या कपाटातून साड्या काढतो आहोत.

पेटी भिंतीकडे होती. आठ खणांची, कसल्यातरी फिकट परदेशी लाकडाची, प्रत्येक खणाला पितळी कडी. घरात तिला कुणी कपाट म्हटलं नाही की खणपेटी म्हटलं नाही. ती लिफ्टातली पेटी. तिचा आजा, अयूब होडेकर, बोटीवरचा खलाशी, एकावन्न साली ती हंबरुकाहून घेऊन आला — हांबुर्ग म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही — आणि रत्नागिरीच्या राजिवड्यात ज्याने त्याने विचारलं, काय रे अयूब, लोक घड्याळं आणतात, तू हे काय आणलंस, तेव्हा एकच म्हणायचा: लिफ्टातली हाय. आपली नाय. मागाया येतील.

मागाया येतील! ह्याच्यावर सबंध राजिवडा हसला. पेटीच्या बदल्यात ह्या शहाण्याने तिथल्या जुन्या बाजारात अंगातला गरम कोट उतरवून दिला होता, भर थंडीत, आणि खोकला घेऊन घरी आला होता. आजीने ते त्याला मरेपर्यंत ऐकवलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून पेटीची गोष्ट आपापली बनवली. मोठ्या हॉटेलात कुणी साहेब लिफ्टमध्ये पेटी विसरला आणि आमचा अयूब ती घेऊन खाली उतरला. आम्ही पोरं त्याला घेरायचो — आजा, लिफ्ट वर जात होती की खाली? तो डोळे वटारून धक्क्यावर निघून जायचा. आठ वर्षांची असताना मला मुंबईला इस्पितळात नेलं, तिथे पहिल्यांदा लिफ्ट पाहिली, तर मी आधी तिचे कोपरे बघितले, कुणी काही विसरलंय का. आणि कोण येणार मागायला, असं विचारलं की आजा म्हणायचा, जुलूस साहेब. झालं! ईदचा जुलूस गल्लीतून निघाला की आम्ही गर्दीत टोपीवाला गोरा साहेब शोधायचो.

पायरीवाला कोपरा बसला. 'खाजण' या चिठ्ठीचा होता. सुरय्याने खळीचं बोट कडेवरून फिरवलं, तुकडा टेकवला, वर जाड शब्दकोश ठेवला. एक झाला.

चिठ्ठ्या सगळ्या एका मापाच्या. मधोमध बाळबोध लिपीत एक शब्द, रेखीव, प्रत्येक काना ओळंब्यात. त्याखाली एक वाक्य, कुणी बोललं तसंच्या तसं. मागच्या बाजूला बारीक परकं लिखाण. वर उजव्या कोपऱ्यात तो जांभळा शिक्का, आणि खाली डावीकडे, निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर, दोन अक्षरं: अ. हो.

अ. हो. म्हणजे अयूब होडेकर. आजा गेला त्या वर्षी, बावीसची असताना, तिने पहिल्यांदा ते खण नीट उघडले होते. तोवर दोन खणांत आजीची तिरफळं आणि सुईदोरा होता. आणि वाचताना… 'भांग असला काय जाळ्यात काय घावत नाय, घरात बसून बायकोची बोलणी खायाची.' अगं, हा तोच! भरती-ओहोटीला जोर नसतो ते भांगाचे दिवस, दारात पाय पसरून बसलेला आजा, आतून भांड्यांची आदळआपट करणारी आजी. तो आवाज त्याचा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तीन हजार चिठ्ठ्यांत तो बोलत होता, शिव्या देत होता, वारा ओळखत होता.

अक्षर मात्र त्याचं नव्हतं. आजा दुसरी शिकलेला. सही करायचा, ती सुद्धा जीभ बाहेर काढून, आणि होडेकरातला 'डे' तीनदा गिरवून. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बारा कोपरे बसले तेव्हा कंबर भरून आली. ती उठून खिडकीशी गेली. ओहोटी लागली होती, खाडीतल्या दोन होड्या चिखलात कलंडल्या होत्या… आणि आनंदीबाई आठवल्या. नको तेव्हा नेमक्या येतात. चौऱ्याऐंशी साल, कॉलेजातला पहिला दिवस, पांढरी साडी नेसून गेलेली सुरय्या होडेकर, मराठी विभाग, आणि इतिहासाच्या आनंदीबाई चहाचा कप पुढे करत, अगदी मायेने: "तुमचं मराठी किती छान आहे हो! वाटतच नाही!" काय वाटत नाही, ते बाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या एकट्याच नव्हत्या. वर्षाला चार-पाच जण तरी. पालक, परीक्षक, व्याख्यानानंतर हार घालणारे. वाटतच नाही. आणि दरवेळी आपण हसायचं, मान झुकवायची, जसं काही मराठी ही शेजाऱ्याची वस्तू आपण चार दिवस वापरायला आणली आहे आणि बरी सांभाळली आहे.

म्हणून मी ते केलं. दुसरं कारण सांगायला गेले तर ते खोटं होईल.

पुस्तकाचं नाव 'मतलई'. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या तीन हजार शब्दांचं पुस्तक, आणि प्रस्तावनेतलं पहिलंच वाक्य: 'या चिठ्ठ्या माझ्या आजोबांनी, एका दर्यावर्दी खलाशाने, जहाजावरच्या फावल्या वेळात स्वतःच्या हाताने लिहिल्या.' स्वतःच्या हाताने. दोनच शब्द जास्तीचे. ते लिहिले तेव्हा पेनही अडखळलं नाही. मग कॉलेजने प्रदर्शन मांडायचं ठरवलं, काचेखाली एक्केचाळीस चिठ्ठ्या ठेवायच्या, आणि आदल्या दिवशी दुपारी मी कात्री घेऊन बसले. कोपरे कुठे गेले, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं — वाळवी लागली होती, तेवढा भाग काढला. कुणी विचारलंही नाही. आनंदीबाई काचेवर वाकून वाचत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्या आजोबांचं मराठी…" एवढंच म्हणाल्या. खरं सांगू? मला इतकं बरं वाटलं! इतकं बरं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

एकोणीस, वीस, एकवीस. 'उधाण'चा कोपरा 'तांडेल'ला बसतोय असं वाटलं आणि खळ लावल्यावर कळलं की नाही बसत. ओल्या बोटाने तो हलकेच सोडवताना कागदाचा पापुद्रा निघाला. हळू गं, हळू, तिने स्वतःला बजावलं.

ते पत्र दोन आठवड्यांपूर्वी आलं, ईमेलने. लेआ मार्क्वाल्ड नावाची बाई, राहणार मोंतेविदेओ — नकाशात शोधावं लागलं, दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या अंगाला. इंग्रजीत लिहिलेलं, फार अदबीने. माझे पणजोबा युलियुस मार्क्वाल्ड हांबुर्गच्या विद्यापीठात भाषा शिकवत. नऊ वर्षं ते संध्याकाळी बंदरावर जाऊन हिंदी खलाशांबरोबर बसत आणि त्यांचे शब्द उतरवून घेत. ते ज्यू होते म्हणून तेहेतीस साली त्यांना नोकरीवरून काढलं. एकोणचाळीसमध्ये बायको-मुलांना घेऊन ते देश सोडून गेले. घरचं सगळं सामान एका प्रचंड लाकडी खोक्यात भरून मागाहून बोटीने यायचं होतं. त्या खोक्यांना तिकडे लिफ्ट म्हणत.

लिफ्ट म्हणत.

सुरय्या ते वाक्य वाचून उठली होती आणि घरभर फिरून परत येऊन बसली होती. पुढचं वाचायला तिला संध्याकाळ झाली. युद्ध लागलं, खोका धक्क्यावरच राहिला. मग तिथल्या राजवटीने देश सोडून गेलेल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, आणि ज्याचं नागरिकत्व गेलं त्याची सुईसुद्धा सरकारजमा. धक्क्यावरचे खोके फोडले. गावातल्या लोकांनी लिलावात रांगा लावून दिवे नेले, चादरी नेल्या, मुलांच्या गाद्या नेल्या. लिलावाच्या यादीचं पानही सोबत जोडलं होतं. चौसष्टावी ओळ अशी: एक कार्डपेटी, आठ खण, अनोळखी लिपी, बिनकिमतीची.

लेआला लिपी वाचता येत नव्हती. पण इंटरनेटवर एका मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ तिला दिसलं, त्यावर एका चिठ्ठीचा फोटो, आणि ती वळणं तिने ओळखली. तशाच वळणांची पणजोबांची एक वही त्यांच्या घरात होती. चौकशी करता करता तिला मृणाली भेटली. मृणाली सुरय्याची विद्यार्थिनी, आता मुंबईत शिकवते. पुस्तक अयूब होडेकरांच्या नातीचं आहे, एवढं मृणालीने सांगितलं. 'अयूब हे नाव वहीत पानोपानी आहे,' लेआने लिहिलं होतं. 'मी पेटी पाहायला येऊ शकते का? फक्त पाहायला.'

म्हणजे आजाला माहीत होतं. सगळं माहीत होतं आणि सगळं तो सांगत होता. 'लिफ्टवाले गेले, माल ऱ्हवला, सरकारनं वाटून खाल्ला' — हे त्याचं वाक्य, अक्षरन् अक्षर, आणि आम्हाला वाटायचं की तिकडे लिफ्ट चालवणाऱ्यांचा संप झाला असेल! बंदरावर राबणारा माणूस. युद्धानंतर परत त्या गावी गेला, जुन्या बाजारात ती पेटी दिसली, आणि खण ओढल्यावर त्यात स्वतःच बोललेली वाक्यं दिसली… वाचली असतील त्याने, अक्षरं लावत लावत? की नुसते ते अ. हो. ओळखले? युलियुसचा त्याच्या तोंडी जुलूस झाला होता, एवढंच. बाकी एका शब्दाचीही त्याने चूक केली नव्हती. एकदा आजीने चूल पेटवायला पाच-सहा चिठ्ठ्या घेतल्या तर त्याने जळती चिठ्ठी हाताने बाहेर ओढली, आणि तीन दिवस आजीशी बोलला नाही. आम्ही म्हणालो, म्हाताऱ्याला वेड लागलं.

आणि बिनकिमतीची म्हणणाऱ्यांनीसुद्धा शिक्का तसाच ठेवला होता. त्या माणसाची नोकरी घेतली, देश घेतला, चादरी घेतल्या, पण कोपऱ्यातली दोन अक्षरं कुणी घेतली नव्हती. ती इथे, रत्नागिरीत, मी घेतली. मला माझी लाज वाटते आहे. दोन आठवडे मी ह्याच्यापुढे जाऊ शकलेली नाही.

उत्तरात तिने एवढंच लिहिलं होतं: जरूर या.

बाराच्या सुमाराला गाडी वाजली. यासीन — तिच्या भावाचा मुलगा, पावसला आंब्याच्या बागा, चाळिशीचा गडी — चपला काढून आत आला तो थेट पेटीपाशी.

"फुफी, अजून हितंच ही? मी म्हटलं बांधून तयार असंल. चल, उचलतो. बागेत माळ्यावर टाकतो, चार दिवसांनी आणून देतो."

"आणि तिला काय सांगू?"

"वाळवी लागली म्हण. कोकणात कागद टिकतो होय? खोटं कोण म्हणंल?" मग त्याची नजर टेबलावर गेली. चिठ्ठ्या, खळीची वाटी, पावडरचा डबा. त्याला सगळं ठाऊक होतं. दोन आठवड्यांपूर्वी रडत रडत तिने त्यालाच सांगितलं होतं. "हे काय मांडून बसलीस गो? कशाला?"

"चिकटवतेय."

"चिकटवून काय व्हणार?" तो समोरच्या खुर्चीत बसला. आवाज खाली आणला. "सव्वीस तारखेला कार्यक्रम हाय. वाचनालयातली पाटी रंगवून झाली. 'अयूब होडेकर वाचनकक्ष'. सबंध जिल्ह्यात आपल्यातल्या कुणा खलाशाच्या नावाची पाटी दाखव मला. माझ्या नाझियानं भाषण पाठ केलंय. 'माझे खापरपणजोबा खलाशी होते, पण त्यांच्या हातात लेखणी होती.' तूच लिहून दिलंस ना?"

"मीच दिलं."

"मग? आज्यानं काय चोरी केली? कोट दिला. शब्द त्याचेच. त्या साहेबानं नुसते लिवले." त्याने एक चिठ्ठी उचलली, खाली ठेवली. "आपल्यासारख्यांचं नाव एकदा पुसलं ना फुफी, की परत कोण लिवत नाय. आणि लोक काय म्हणतील म्हायतंय? वाटलंच होतं, म्हणतील."

वाटतच नाही. वाटलंच होतं. चाळीस वर्षं या दोन वाक्यांच्या मधल्या बोळातून आपण चालत आलो, अंग चोरून. यासीन चुकीचं काय बोलत होता? एक शब्द चुकीचा नव्हता, म्हणून तर तिला त्याचा राग येत होता. तो उठला, पेटीला दोन्ही बाजूंनी हात घातला, आणि खणांच्या कड्या खुळखुळल्या.

"ठेव," ती म्हणाली.

"फुफी—"

"ठेव म्हटलं ना रे बाबा! ठेव."

त्याने पेटी सोडली. मग काय सांगणार तिला, म्हणून विचारलं. ती म्हणाली, ठाऊक नाही, आणि ते खरंच होतं. तो थोडा वेळ दारात घुटमळला, मोहरावर तुडतुडा पडलाय, फवारणीला माणसं थांबलीत, असं काहीतरी पुटपुटला. "बांगड्याचं कालवण आणलंय. जेवून घे आधी," असं म्हणून डबा ओट्यावर ठेवून तो गेला.

ती जेवली नाही. तेहेतीस. चौतीस. आता उरलेले कोपरे पटापट बसत होते, कारण जागाच थोड्या उरल्या होत्या. जोड मात्र दिसत होता. प्रत्येक चिठ्ठीवर एक बारीक तिरकी रेघ, आणि खळ वाळली तशी ती रेघ आणखी उठून दिसायला लागली. मूर्ख बाई, तुला काय वाटलं होतं, न कापल्यासारखं होईल? मग हे जोडायचं तरी कशासाठी? तिला दाखवायला, की बघ, मी दुरुस्त केलं? की उद्या कुणी विचारलं तर म्हणायला, की होतं ना नाव, कुठे नव्हतं?… स्वतःचा एक हेतू सुद्धा धड सापडू नये, याचा तिला संताप आला.

दारातली खुर्ची. शेवटच्या वर्षी आजा दुपारभर तिथे बसायचा, अंगावर चादर, छातीत घरघर. गल्लीत पाऊल वाजलं की विचारायचा — कोण आलं? आतून उत्तर द्यायचं काम माझं. एम.ए.चा अभ्यास चाललेला, डोकं पुस्तकात. कोणी नाही आजा, पोस्टमन. कोणी नाही, कोळीण. मग तो थांबायचा, आणि जरा लाजत विचारायचा, जुलूस साहेब न्हवं? रोज. रोजच्या रोज. एक दिवस मी वैतागले आणि आतूनच ओरडले: "आजा, लिफ्ट बंद पडलीय! मधेच अडकलाय तुझा साहेब!" आई हसली, आजी हसली. आजाने चादर खांद्यावर ओढून घेतली आणि तोंड गल्लीकडे केलं. नंतर त्याने कधी विचारलं नाही. महिनाभर होता तो त्यानंतर.

चाळीस झाले. पावणेतीन.

फोन वाजला. मृणाली. "मॅडम, आम्ही हातखंब्याला चहाला थांबलोय. पोचतोच तासाभरात. लेआताईंनी ती वही आणलीय बरोबर. मुंबईपासून मांडीवरून खाली ठेवली नाही हो. तुम्ही ते दुसरं पान बघितलंत ना? पाठवलं होतं त्यांनी."

"बघते," सुरय्या म्हणाली.

बघितलं नव्हतं. यादीच्या पानाखाली आणखी एक जोडलेलं पान होतं आणि ते उघडायची तिची छाती झाली नव्हती. आता तिने चष्मा पुसला, फोन भिंगासारखा डोळ्यांपाशी धरला, आणि बोट टेकवलं.

रेघांच्या वहीचं पान. डावीकडे परक्या लिपीत अर्थ, उजवीकडे बाळबोध शब्द. खाली लेआने इंग्रजीत सगळं उलगडून टाइप केलं होतं. पेटी गेल्यावर, मोंतेविदेओला, पणजोबांनी तीन हजार शब्द आठवून पुन्हा लिहायला घेतले. तिकडे विचारायला मराठी माणूस नव्हता, कोश नव्हता. 'भरतीचं पाणी शिरतं ती जमीन' — पुढे खाजण. 'तांड्याचा मुख्य' — तांडेल. मग, 'जाळ्यात काही न येणारे मंद भरतीचे दिवस', आणि पुढे नुसतं भा… एक काना, आणि पेन तिथेच थांबलेलं. तेच ते रेखीव अक्षर, पण काने आता ओळंब्यात नव्हते. अर्थ सगळे शाबूत, शब्द एकेक करून निघून गेलेले. आणि सर्वांत खाली:

'रात्री जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा वारा. अयूब म्हणाला, हा सुटला की शीड सोडायचं, मग घर मागे राहतं.'

पुढे प्रश्नचिन्ह.

लेआने लिहिलं होतं: ही एक ओळ वहीत अकरा ठिकाणी आहे. शेवटची सत्तावन्न सालची, ते गेले त्या महिन्यातली. अकराही ठिकाणी शब्दाची जागा रिकामी आहे. मी कुणालाही विचारू शकले असते, पण हे अयूबच्याच घरी विचारावं असं मला वाटलं. त्या शब्दाची चिठ्ठी तुमच्या पेटीत असेल का?

पेटीत नाही बाई. ती चिठ्ठी पेटीत नाही. ती वाचनालयात आहे, काचेच्या चौकटीत, आजाच्या फोटोखाली, आणि माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, आणि मुखपृष्ठावरचं पुस्तकाचं नावही तोच शब्द आहे, ठसठशीत, लाल. गेले कितीतरी महिने तू तो शब्द बघते आहेस आणि तुला वाचता येत नाही. चौथीतल्या पोराला येतो. भूगोलात असतो. खारे वारे आणि…

सुरय्याने डबा उपडा केला. एक्केचाळिसावा कोपरा टेबलावर पडला, इतरांपेक्षा मोठा, कारण मुखपृष्ठाच्या फोटोत दिसू नये म्हणून तो सगळ्यांच्या आधी, जरा जास्तच आतून कापला होता. जे. एम. तिने तो बोटाच्या टोकावर घेतला. याला जोडायला समोर चिठ्ठी नव्हती. 'मतलई सुटला काय शीड सोडायचा, मग घर मागं ऱ्हातां. अ. हो.' सव्वीस वर्षं ती हा शब्द उच्चारत आली होती, सत्कारात, मुलाखतीत, आकाशवाणीवर. दरवेळी आपला म्हणून. तो कुणाला तरी हवा होता, अकरा वेळा हवा होता, हे आज कळत होतं.

ती उठून दारातल्या खुर्चीत जाऊन बसली. तिथे कधी बसत नसे ती. पाठीमागे टेबल, चाळीस तिरक्या रेघा, पेटी. पुढे गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी खाडीचा एक तुकडा. पाणी चढायला लागलं होतं. सांगितलं तर पाटी जाईल, नाझियाचं भाषण जाईल, आणि ज्यांना वाटलंच होतं ते सगळे एका जागी गोळा होऊन बोलतील. तोंडात दोन शब्द तयार होते. एक वाळवी. तो सव्वीस वर्षांचा, सवयीचा, आपसूक येणारा. दुसरा त्याच्या मागे उभा होता, वहीत अकरा ठिकाणी रिकामा राहिलेला. कोणता आधी बाहेर पडेल, ते तिला अजूनही सांगता येत नव्हतं.

गल्लीत गाडीचं दार लागलं. मृणालीचा आवाज, मग एक अनोळखी आवाज, मग पावलं — एकीची भरभर, दुसरीची थांबत थांबत, दारादारावरून नजर फिरवत येणाऱ्या माणसाची. सुरय्याने बोटावरचा तुकडा पडू नये म्हणून मूठ मिटली.

कोण आलं? — आजाने विचारलं.

या वेळी मला थट्टा सुचली नाही.